आमच्या गावची पटाची दाण कुठं गेली

मी सेतू केंद्र चालवतो, म्हणजे दिवसभर सातबारा काढणे, उत्पन्नाचे दाखले, पीकविमा, हेच काम. मागे एक पोरगा आला, त्याला प्लॉट घ्यायचा होता, त्यानं गट नंबर सांगितला, मी टाकला आणि तसाच बघत राहिलो कारण तो गट म्हणजे आमच्या गावची पटाची दाण. पोरगा म्हणे काय झालं जी, काही बोजा आहे का. म्हटलं बोजा नाही बाप्पा, इथं बैल धावायचे. त्याला काहीच कळलं नाही, तो वीस-बावीस वर्षांचा, त्याच्या आठवणीत तिथं मुरूम टाकलेला रस्ता आणि चुना मारलेले दगडच आहेत.

तेव्हापासून डोक्यात होतं की हे सगळं एकदा नीट लिहून काढायचं. गावात कोणालाही विचारा की पट का बंद झाला, उत्तर एकच येते, कोर्टानं बंद केला. मीही तेच सांगायचो. पण कोर्टानं २०२१ ला परवानगी दिली, आजूबाजूच्या खेड्यांत पट पुन्हा भरले आणि आमच्या बाजारगावात नाही भरला, तर मग बंद नेमका कोणी केला? गावाचं नाव लिहीत नाही, नागभीड-ब्रह्मपुरी-वडसा या पट्ट्यातलं एक बाजाराचं गाव समजा, ओळखणारे ओळखतील.

बाहेरच्यांसाठी थोडं सांगतो. शंकरपट म्हणजे विदर्भातली बैलांची शर्यत. हलका छकडा, त्याला दोन बैल, वर हाकणारा एक धुरकरी, आणि ज्या पट्टीवर जोडी सुटते ती दाण. पश्चिम महाराष्ट्रात जोड्या वेगळ्या पद्धतीनं जुंपतात, तिकडं घाट असतो, आमच्याकडे सपाट दाण. वऱ्हाडात तळेगाव दशासरचा पट नावाजलेला, तिथं बायकाही छकडा हाकतात, मोठमोठे पुरुष धुरकरी काठावर उभं राहून बघतात. आमच्या झाडीपट्टीत पटाला आणखी एक शेपूट असते, रात्रीचं नाटक. दिवसा पट, रात्री नाटक, आणि मधल्या वेळात पोरीला बघायचा कार्यक्रम. पाहुणा एकदा आला की तिन्ही कामं करूनच परत जायचा.

आमची दाण मामा तलावाच्या खालच्या अंगाला होती. मामा म्हणजे माजी मालगुजारी. हा भाग पूर्वी मध्य प्रांतात, मालगुजार होते, त्यांनीच तलाव बांधले, आणि जुने लोक सांगतात की पटही मालगुजारानंच सुरू केला, स्वतःची जोडी मिरवायला. १९५१ ला मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे गेला, पण तलावाखालच्या घरच्या बांध्या त्या घराण्याकडेच राहिल्या, आणि पट त्याच बांध्यांत भरत राहिला. लोक त्या घरच्या म्हाताऱ्याला शेवटपर्यंत पाटीलबुवाच म्हणायचे.

आता धानाच्या बांधीत बैल कसे धावणार? बांधी म्हणजे चारी बाजूनं धुरे, म्हणजे मातीचे बांध, असलेला चौकोन, एकाला लागून एक. तर धान कापून झालं की कमिटीवाले फावडी घेऊन जायचे आणि एका ओळीतले धुरे फोडायचे, माती पसरवायची, ढेकळं फोडायची, पाणी मारायचं, रोलर नव्हता तेव्हा झाडाचं खोड बैलाला जुंपून फिरवायचे. शेजारी शेजारी दोन दाणी, साधारण हजार फुटांच्या. पट झाला की मृगाच्या आधी तेच लोक तेच धुरे परत घालून द्यायचे. दरवर्षी.

आणि दुसरी गोष्ट, जी मला सातबारे बघायला लागल्यावर कळली. आमच्याकडे धान उभं असतानाच त्यात लाखोळी या कडधान्याचं बी फेकतात, त्याला उतेरा म्हणतात, धान कापलं की खाली लाखोळी आपोआप हिरवी दिसते, ना नांगर ना खत, फुकटातलं पीक. पाटीलबुवांच्या बाकी बांध्यांत लाखोळी असायची, जवस असायचा, दाणीच्या ओळीत काही नाही. म्हणजे तो माणूस दरवर्षी तेवढं पीक सोडत होता. बदल्यात काय? एक नारळ, एक शेला, आणि पटाची पहिली जोडी त्याची सुटणार, एवढंच. कागद एकही नाही. मी जुन्या फेरफारापासून सगळं बघितलं, पट हा शब्द कुठंच नाही. पीकपाण्यात खरिपात धान आणि पुढं पड. सरकारच्या हिशेबानं तिथं कधीच काही नव्हतं.

ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं लागेल.

पट नुसता शौक होता असं समजू नका. आमच्या गावाचा बैलबाजार आठवडी बाजाराच्याच दिवशी भरायचा, आणि पट होता त्या बाजाराचं शोरूम. जी जोडी पटात निघाली तिचा भाव तिथल्या तिथं चढायचा. दलाल लोक दुपट्ट्याखाली हात घालून बोटं धरून सौदा करायचे, बाजूला उभ्या माणसाला पत्ता नाही किती ठरलं. आधी बैलाचं तोंड उघडून दात बघायचे, दोन दाती, चार दाती, सहा दाती, मग खूर, मग शेपटीचा गोंडा, मग चालवून बघणार. बाजार समितीची पावती फाटायची, ढेपवाल्याची ढेप खपायची, घंट्या-झुली-गोंडेवाल्यांची दुकानं लागायची. गावातले राईसमिलवाले इनाम लावायचे कारण पटाला येणारा शेतकरी म्हणजे त्यांचा धान विकणारा शेतकरी. असं एकात एक अडकलेलं होतं.

माझे मामाजी धुरकरी होते. लहानपणी आम्ही त्यांच्या घरी गेलो की आम्हाला चहा मिळायचा आणि बैलांना दूध. मामीजी या गोष्टीवरून आयुष्यभर बोलल्या. सरकी ढेप, उडदाची चुनी, अंडी, कधी तूप, आणि पटाच्या महिनाभर आधीपासून बैलांना शेतातलं काम बंद. एवढा लाड. आणि पटाच्या दिवशी त्याच बैलाला तुतारी. बाहेरच्यांना तुतारी म्हणजे वाजवायची वाटेल, आमच्याकडे तुतारी म्हणजे टोकाला खिळा मारलेली काठी. शेपटी पिरगाळायचे, काही जण दातानं चावायचे, दाणीच्या शेवटी बैलाच्या पुठ्ठ्यावर रक्ताचे ठिपके मी स्वतः बघितले आहेत. आता पटाच्या बाजूनं बोलताना लोक हे खातात. मामाजी म्हणायचे का माहा बैल मले वयखते, त्याले टोचा लागत नाही, आणि त्यांच्यापुरतं ते खरंही असेल, पण सगळे मामाजी नव्हते. म्हणून कोर्टात जे गेले ते अगदी खोटं सांगत होते असं मी म्हणणार नाही.

कोर्टाचा भाग लवकर सांगतो कारण तो सगळ्यांना अर्धवट माहीत असतो. ११ जुलै २०११ ला केंद्राच्या पर्यावरण खात्यानं अधिसूचना काढली, ज्या प्राण्यांचे खेळ करायचे नाहीत त्या यादीत वाघ, सिंह, अस्वल, माकडांच्या बरोबर बैल आला. मुंबई हायकोर्टानं २०१२ ला बंदी कायम ठेवली. पण आमच्याकडे तेव्हा कोणाला फारसा फरक पडला नाही, पट भरत होते, पोलीसपाटील त्या दिवशी बाहेरगावी जायचा. मग ७ मे २०१४ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, जल्लीकट्टू आणि बैलांच्या शर्यती दोन्ही बंद, आणि तेव्हा खरंच बंद झालं. निकालात असंही होतं की बैलाचं शरीर घोड्यासारखं धावण्यासाठी नाही, तो ओढकाम करणारा प्राणी आहे. हे वाचून गावात एकच चर्चा, मग घोडा चालते आणि बैल चालत नाही हे काय. घोड्यांच्या शर्यतीला याच सुप्रीम कोर्टानं १९९६ ला कौशल्याचा खेळ म्हटलं आहे, तिथं पैसे लावता येतात. आमच्याकडे इनाम म्हणजे एखादी मोटरसायकल आणि सायकली, तर तो गुन्हा. चिडायला कारण होतं.

नंतरचा खेळ मात्र मजेशीरच. ७ जानेवारी २०१६ ला केंद्रानं नवी अधिसूचना काढून सूट दिली, पोरांनी त्याच संध्याकाळी फटाके फोडले, दुसऱ्या दिवशी फावडी घेऊन धुरे फोडायला गेले, दोन धुरे फोडून झाले आणि १२ जानेवारीला सुप्रीम कोर्टाचा स्टे. पाच दिवस. फोडलेले धुरे परत घातले. पाटीलबुवा तेव्हा खाटेवर होते, त्यांनी विचारलं म्हणतात, पट झाला का जी, आणि कोणीतरी सांगितलं झाला.

२०१७ ला तामिळनाडूत मरीना बीचवर पोरं बसली, त्यांचा कायदा झाला, ते बघून महाराष्ट्रानंही आपला दुरुस्ती कायदा केला, राष्ट्रपतींची सही झाली, आणि ऑगस्टमध्ये हायकोर्टानं परत थांबवलं. तोपर्यंत लोकांनी बातम्यांकडे लक्ष देणं सोडलं होतं. शेवटी १६ डिसेंबर २०२१ ला सुप्रीम कोर्टानं अटी-शर्तींसह परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं तामिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र या तिन्ही राज्यांचे कायदे बरोबर ठरवले. म्हणजे २०१४ पासून २०२१ पर्यंत मोजले तर मधले सात हिवाळे दाण रिकामी.

रिकामी म्हणतो खरा, पण रिकामी राहिली नाही हाच तर मुद्दा आहे.

पहिल्या हिवाळ्यात पाटीलबुवांनी सवयीनं ती ओळ तशीच सोडली. दुसऱ्या वर्षी मुलानं विचारलं, पट नाही तर लाखोळी कायले सोडता जी? बरोबरच विचारलं. लाखोळी टाकली. त्याच काळात बोअरवेल झाली, मग गोसीखुर्दच्या कालव्याच्या पाण्याची आशा लागली, ज्या धरणाचं भूमिपूजन १९८८ ला झालं त्याचं पाणी कोणाच्या शेतात कधी आलं हा वेगळाच लेख होईल, पण पाणी येणार म्हटलं तरी माणूस पीक बदलतो. त्या बांध्यांत उन्हाळी धान सुरू झाला. आणि उन्हाळी धानाची रोवणी कधी असते? जानेवारी-फेब्रुवारी. पटाचा नेमका तोच मोसम. कोर्टाची बंदी नसती तर पाटीलबुवांसमोर उन्हाळी धान की पट असा प्रश्न आला असता आणि मला खात्री आहे ते म्हणाले असते पट. बंदीनं तो प्रश्नच येऊ दिला नाही. पीक गुपचूप शिरलं.

मग ते गेले. वाटणी झाली, बहिणींची नावं लागली, चढली तशी काहींनी हक्कसोड केली, काहींनी नाही केली, ते त्यांचं बरोबरच आहे, एका गटाचे सात खातेदार झाले. रस्त्याकडचा तुकडा एकानं विकला, घेणाऱ्यानं अकृषक करून प्लॉट पाडले. माझ्याकडे आलेला पोरगा त्यातलाच एक प्लॉट घेत होता.

तिकडं बैलही संपत होते. ट्रॅक्टर, मग हार्वेस्टर. २०१९ च्या पशुगणनेत देशातले बैल, गोऱ्हे धरून सगळे नर गोवंश, ४ कोटी ७४ लाख निघाले, २०१२ पेक्षा तीस टक्के कमी, सात वर्षांत. आमच्या भागात त्यात आणखी एक कारण आहे जे लोक हळू आवाजात सांगतात. मार्च २०१५ पासून राज्यात बैलाच्या कत्तलीवरही बंदी आली. आधी म्हातारा बैल विकून त्यात भर घालून शेतकरी नवा गोऱ्हा घ्यायचा, आता म्हातारा बैल विकता येत नाही आणि पोसताही येत नाही. बैलबाजार पातळ झाला. पट बंद, म्हणून भाव नाही, भाव नाही म्हणून चांगला गोऱ्हा सांभाळणारा नाही. मामाजींनी शेवटची जोडी कोणाला दिली ते आम्हाला अजून सांगितलेलं नाही, विचारलं की ते तंबाखू मळायला लागतात.

आता २०२२ ची गोष्ट, ज्यात मी स्वतः होतो. परवानगी आल्यावर पोट्ट्यांनी कमिटी केली आणि अर्ज करायला माझ्याकडे आले. नियम असे, पंधरा दिवस आधी जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज, पन्नास हजारांची ठेव, अंतर एक हजार मीटरच्या आत, बैलांना डॉक्टरचं सर्टिफिकेट, काठी-चाबूक-करंट काही नाही, नियम मोडला तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. पोरं पन्नास हजाराला घाबरली नाहीत, एका दिवसात जमा केले. तुतारीशिवाय बैल धावतील का यावर रात्रभर वाद झाला, शेवटी ठरलं धावतील तसे धावू द्या. अर्ज अडला तो एका रकान्यात. शर्यतीची जागा.

जागेचा सातबारा लावा, मालकाचं संमतीपत्र लावा. मी सातबारा काढला, सात नावं. पोरं सातही जणांकडे गेली. एक पुण्याला, तो फोनवर म्हणाला हो हो लिहून घ्या. दोघी बहिणींनी लगेच सही दिली, त्यांना लहानपणचा पट आठवत होता, एक तर रडलीच. पण मधल्या तुकड्याचा मालक म्हणाला, माझी रोवणी झाली आहे, आता तुम्हीच सांगा. तो काही वाईट माणूस नाही. रोपं लावून वीस दिवस झाले होते, त्यावरून बैल कसे नेणार. आणि प्लॉटवाल्याचे दगड तर आधीच उभे.

मग सरकारी जागा शोधली. गावाच्या उत्तरेला मोठं मोकळं माळरान आहे, पोरं क्रिकेट खेळतात, एक झुडूप नाही तिथं. नोंद बघितली तर झुडपी जंगल. विदर्भाबाहेरच्यांना हा प्रकार माहीत नसेल, जुन्या नोंदीतली ही एक जमीन आहे जी ना धड जंगल ना धड महसूल, आणि २०२५ च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टानं ती जंगलच समजायची असं सांगून टाकलं. २०२२ लाही तिथली परवानगी कोणी द्यायला तयार नव्हतं. ज्या हापिसात विचारायला गेलो तिथले साहेब म्हणाले, पूर्वी कुठं भरायचा ते लिहा ना, परंपरागत जागा म्हणून. म्हटलं साहेब तेच तर लिहिता येत नाही, कागदावर ती जागा कधी नव्हतीच.

मुंबईचं महालक्ष्मी रेसकोर्स १८८३ पासून आहे. २११ एकर. त्याची लीज २०१३ लाच संपली तरी घोडे धावतच राहिले, आणि २०२४ मध्ये वाटाघाटी होऊन १२० एकर बागेसाठी गेले तरी ९१ एकर शर्यतीसाठी उरले. का उरले? कागद होता, क्लब होता, कोणाशी बोलायचं ते ठरलेलं होतं. आमच्या दाणीचा सगळा कारभार एका म्हाताऱ्यानं पीक सोडणं आणि चाळीस माणसांनी धुरे परत घालणं यावर होता. असली व्यवस्था दरवर्षी चालू राहिली तरच राहते. सात वर्षं थांबवली की नंतर परवानगी देऊन काही होत नाही, कारण परवानगी मागायला जागाच उरत नाही.

शेजारच्या खेड्यांत पट कसे भरले मग? मी तिथंही चौकशी केली. एका गावात दाण आबादीच्या जागेवर होती, ग्रामपंचायतीकडे नोंद. दुसऱ्या गावात जमीन कोरडवाहूच आहे, उन्हाळी धानाला पाणीच नाही. म्हणजे ज्या गावाची परिस्थिती सुधारली नाही तिथं पट वाचला. आमचं गाव बाजाराचं, रस्त्यावरचं, जमिनीला भाव आलेला, आमचाच गेला. यात कोणाला दोष द्यायचा मला समजत नाही, उन्हाळी धान घेणाऱ्याला तर अजिबात देणार नाही.

मामाजींना मी गाडीवर बसवून त्या खेड्यातला पट दाखवायला नेलं. तीन तास उन्हात उभे राहिले. धुरकरी लोकांच्या हातात काठी नव्हती, नुसते ओरडत होते, शिट्ट्या मारत होते, आणि एक जोडी तर अर्ध्यातून वळून दाणीबाहेर गवत खायला गेली, लोक हसले, मामाजी नाही हसले. परत येताना एवढंच बोलले, बैल बरे होते.

आमच्या गावात नाटक मात्र दरवर्षी होते. वडशाहून कंपनी येते, मंडप पडतो, पहाटेपर्यंत लोक बसतात, झाडीपट्टीच्या नाटकाला आता वजन आहे, २०२३ ला परशुराम खुणेंना पद्मश्री मिळाली. पाहुणे येतात, सोयरिकी जुळतात, खाऱ्या शेंगदाण्यावाला येतो. यंदा मंडळाची पोरं लाउडस्पीकरच्या परवानगीचा अर्ज टाइप करायला माझ्याकडे आली. मी विचारलं, कारण काय लिहू, कशानिमित्त नाटक? पोरगा म्हणाला, शंकरपटानिमित्त. मी म्हटलं अरे पट कुठं आहे? तो म्हणाला, तुमी लिवा ना जी, पांपलेटवर तसंच छापलं हाये, दुसरं लिवलं तर पाहुने येत नाही.

मी लिहून दिलं.